काटा साडेचौदावर आहे म्हणून हेड उतरवू नका

काका, तुम्ही नाव दिलेलं नाही, पण चाळीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर चालवताय म्हणालात, म्हणून काका म्हणतो. आधी एक विनंती. सोमवारी गॅरेजवाला हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवणार असेल, तर आत्ताच फोन करून त्याला थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून कार्बोरेटरचं स्लोचं, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचं, पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं लावायचं, यावर मी मागे लिहिलं होतं. पाचगणीच्या या काकांनी ते करून पाहिलं आणि मला खडसावलं. पहिल्यांदा काटा जागचा हललाच नाही. मग पुतण्यानं नळी दुसरीकडे लावली, तेव्हा साडेचौदा इंच आले. मी लिहिलं होतं १७ ते २१. गॅरेजवाला म्हणाला, व्हॉल्व्ह गेलेत. तरी काकांनी माझ्या पद्धतीनं मिश्रणाचा स्क्रू लावला आणि दुसऱ्या दिवशी गाडी वाईच्या बाजारात तीनदा बंद पडली. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘आमचे वस्ताद कानानं गाडी लावायचे, त्यांना असली खेळणी लागत नव्हती.’

साडेचौदाचा दोष माझ्याकडे. १७ ते २१ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे आणि ते मी लिहायला हवं होतं. गेज आतली ओढ स्वतंत्रपणे मोजत नाही, बाहेरची हवा आणि मॅनिफोल्डमधली, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीतली, हवा यांच्या दाबातला फरक दाखवतो. मुंबईत बाहेरचा दाब पाऱ्याचे जवळजवळ ३० इंच, पुण्यात २८, आणि तुमच्याकडे पाचगणीत, म्हणजे सव्वाचार हजार फुटांवर, साडेपंचवीसच्या आसपास. बाहेरचाच दाब उतरला तर फरकही उतरणार. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांना एक इंच वजा. तुमच्या साडेचौदात सवाचार मिळवा, पावणेएकोणीस होतात. माझी जीप पुण्यात साडेसोळा दाखवते, त्यात दोन मिळवले की साडेअठरा. म्हणजे तुमची गाडी माझ्या गाडीपेक्षा थोडी सरसच आहे.

शिवाय जळालेला व्हॉल्व्ह असा गप्प बसत नाही. काटा ठरावीक ठेक्यात दर वेळी दोन-चार इंच खाली आपटतो आणि परत येतो, कारण त्या एका सिलिंडरची पाळी आली की ओढ कमी पडते. तुम्ही लिहिलंय ‘काटा स्थिर होता.’ एवढ्या एका वाक्यावर मी हेड उतरवू देणार नाही. खात्री हवी असेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि थ्रॉटल एकदम उघडून सोडून द्या. काटा शून्याजवळ पडून स्लोच्या आकड्याच्या वर चार-पाच इंच उडाला आणि मग जागेवर आला, तर पिस्टनच्या रिंगाही ठीक आहेत.

आता पहिल्यांदा काटा का हलला नाही ते. पुतण्यानं नळी बहुतेक डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी लवकर पाडणाऱ्या, पाइपवर लावली असणार. ते भोक बटरफ्लायच्या, म्हणजे पाय दाबला की उघडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या चकतीच्या, वरच्या बाजूला असतं. स्लोवर बटरफ्लाय जवळजवळ बंद, म्हणून तिथे ओढ नाही. आपल्याला बटरफ्लायच्या खालची, मॅनिफोल्डची ओढ हवी. दुसऱ्या वेळी त्यानं नळी बरोबर जागी लावली, पोरगं हुशार आहे.

ही ओढ म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही, वायपरनं शिकवलं. माझ्या जुन्या जीपचा वायपर विजेवर नाही, मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. एका जुलैत ताम्हिणी घाटात चढाला पाय दाबला आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला. समोर पांढरं. घाबरून पाय काढला, तसा तो पिसाळल्यासारखा फटाफटा हलायला लागला. पाय दाबला की बटरफ्लाय उघडतो, ओढ जाते. पाय काढला की बंद होतो, ओढ येते. सबंध घाट मी काच दिसावी म्हणून मधेमधे पाय उचलत चढलो. मागचा एसटीवाला काय म्हणाला असेल ते इथे लिहिता येणार नाही.

वाईचं दुखणं जास्त महत्त्वाचं, कारण तेही उंचीचंच आहे. पाचगणीची हवा विरळ. तेवढ्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल येतं आणि हवा कमी पडते, म्हणून गाडी वर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त घेऊन, चालते. तिथे उभं राहून तुम्ही स्क्रू अगदी काठावर, जेमतेम पेट्रोल मिळेल इतका आत घेतलात. मग पसरणी घाट उतरून जवळजवळ दोन हजार फूट खाली आलात. हवा दाट झाली, स्क्रू तिथेच, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. बाजारात क्लच दाबून उभं राहिलं की गाडी मान टाकणारच. मी लेखात शेवटी स्क्रू थोडा आत घ्यायला सांगितलं होतं. पुण्यात आणि आसपास फिरणाऱ्याला ते चालतं. घाटाच्या वर राहून रोज खाली उतरणाऱ्यानं ती शेवटची पायरी करू नये. काटा सर्वात वर गेला की तिथेच थांबा, हवं तर किंचित बाहेर ठेवा.

कानाबद्दल. तुमच्या वस्तादांशी माझं भांडण नाही. पॅकिंगमधून हवा घेण्याचा सूक्ष्म सिस्स आवाज ओळखणारा कान मला लाभला असता तर मीही गेज घेतला नसता. पण कान एका बाजूला झुकतो. मिश्रण लीन झालं की इंजिन लगेच अडखळतं, कुणालाही कळतं. रिच झालं की उलट आवाज मऊ आणि भरदार होतो, बरं वाटतं. म्हणून कानानं लावलेल्या गाड्या बहुधा रिच निघतात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, काळी भुकटी लागेल. पीयूसीला या वयाच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो, तिथे मऊ आवाजाला गुण नाहीत. मी स्वतः गेज लावतो आणि कानही उघडा ठेवतो. दोघांचं पटलं नाही तर आधी हवा कुठून शिरते ते शोधतो. जुन्या सोलेक्स कार्बोरेटरचा थ्रॉटलचा दांडा झिजून हलत असेल तर गेज आणि वस्ताद दोघेही हरतात. दांडा बोटानं हलवून पाहा आणि बुडाशी थोडं ऑइल सोडा. स्लो बदलला तर चोर सापडला.

परत लावाल तेव्हा प्लग, पॉइंट, टॅपेट आणि टायमिंग आधी उरकून घ्या. टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर काटा नुसताच खाली बसतो आणि आपण उगाच स्क्रूला छळतो. इंजिन चांगलं तापलेलं, चोक पूर्ण उघडा. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. हलक्या हातानं म्हणतोय, कारण मी एकदा जोर केला होता आणि स्क्रूच्या टोकाला गोल वळ पडला. त्यानंतर तो स्क्रू कशालाच जुमानेना, नवा आणावा लागला. मग गाडी चालू करून पाव पाव आटा फिरवायचा, दर वेळी दहा सेकंद थांबायचं. काटा चढला की स्लोही वाढतो, तो थ्रॉटलच्या स्क्रूनं खाली आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्या होतात.

आणि हो, तुमच्या बुलेटवर माझं ‘स्क्रू आत म्हणजे लीन’ उलटं पडलं असं लिहिलंत, तेही बरोबर. बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरवरचा स्क्रू हवेचा आहे, फिल्टरच्या बाजूला. तो आत घेतला की हवा कमी, म्हणजे रिच. सोलेक्सचा स्क्रू बटरफ्लायच्या खाली असतो आणि पेट्रोलमिश्रित हवा आवळतो. एकाच सिलिंडरच्या गाडीला गेज लावूही नका, दर धक्क्याला काटा इतका नाचतो की वाचता येत नाही. तिथे तुमचा कान लावा.

मूळ लेखात उंचीचा हिशेब आणि घाटवाल्यांसाठीची सूचना आज घातली आहे. पुतण्याला एवढं विचारा, गेज काढल्यावर मॅनिफोल्डचा प्लग परत बसवताना त्याखालचा तांब्याचा वायसर घातला होता का. तो खाली पडून राहिला असेल तर वाईत गाडी बंद पडायला आणखी एक कारण तिथेच आहे.