न पाहिलेल्या चित्रपटाचे पुनर्मूल्यांकन

सुज्ञ वाचकहो, जुन्या ऑस्करविजेत्या चित्रपटाची प्रतिष्ठा उतरवून ठेवणे हे हल्ली रसिकतेचे किमान लक्षण मानले जाते, आणि तुमच्या हातून अद्याप असा एकही चित्रपट उतरलेला नसेल, तर चारचौघांत तुमची गणना साध्या प्रेक्षकांत होण्याचा धोका आहे. हा धोका टळावा म्हणून नवशिक्याने 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज' या वेस्टर्न चित्रपटापासून हात बसवावा, असे मी अनुभवाने सुचवतो. 1990 साली आलेला हा चित्रपट 181 मिनिटांचा आहे, त्याचा दिग्दर्शक केव्हिन कॉस्टनर मुळात देखणा नट आहे, हे त्याचे पहिलेच दिग्दर्शन आहे, आणि 12 नामांकनांपैकी 7 ऑस्कर त्याने खिशात घातली आहेत. इतके गुन्हे एकाच आरोपीच्या नावावर सहसा सापडत नाहीत.

सर्वप्रथम एक पथ्य सांगतो. चित्रपट पाहू नये. पाहिला की मत गढूळ होते, जे वाक्य काल ठामपणे लिहिता आले असते त्याला आज 'तथापि' चिकटवावे लागते, आणि तीन तास जातात ते वेगळेच. पूर्वी कधी पाहिला असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण तेव्हा तो आवडला होता हे आठवत असले तरी का आवडला होता हे आता आठवत नाही, आणि एवढी विस्मृती आपल्या कामाला पुरेशी असते.

आता मुख्य युक्तिवाद. तो या चित्रपटाबद्दल नाहीच, तो 'गुडफेलाज'बद्दल आहे. 25 मार्च 1991 च्या ऑस्करच्या रात्री दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींचा 'गुडफेलाज' हरला आणि केव्हिन कॉस्टनर जिंकला, एवढे एकच वाक्य खणखणीत आवाजात म्हणता आले की निम्मे पुनर्मूल्यांकन झाले. त्या रात्री स्पर्धेत 'घोस्ट', 'अवेकनिंग्ज' आणि 'गॉडफादर'चा तिसरा भागही होता व तेही हरले, याचा उच्चार करू नये, कारण त्यामुळे दुःख विनाकारण चौघांत वाटले जाते. त्याउलट, 1981 साली स्कॉर्सेसींचा 'रेजिंग बुल' ज्याच्याकडून हरला तो रॉबर्ट रेडफर्डही देखणा नटच होता आणि त्याचेही ते पहिलेच दिग्दर्शन होते, हा योगायोग अवश्य सांगावा. त्यातून काहीही सिद्ध होत नाही, परंतु ऐकणारा मान डोलावतो.

येथे एखादा भाबडा श्रोता विचारील, की कॉस्टनरने आपले काय घोडे मारले आहे? त्याला उत्तर देऊ नये. उत्तर गैरसोयीचे आहे, कारण चित्रपटात घोडा मारला जातो तो नायक झालेल्या कॉस्टनरचाच, आणि मारणारे त्याच्याच अमेरिकी सैन्यातले शिपाई असतात.

यानंतर एखादा विनोद हवा. सुदैवाने तो नव्याने करावा लागत नाही. पॉलिन केल या समीक्षक बाईंनी चित्रपट प्रदर्शित झाला त्याच हंगामात लिहून ठेवले होते, की कॉस्टनरच्या केसांतही पिसे आहेत आणि डोक्यातही पिसेच आहेत, आणि रेड इंडियनांनी त्याचे नाव 'कॅमेऱ्याशी खेळतो' असे ठेवायला हवे होते. ही कढी तेव्हापासून चुलीवर आहे, तिला ऊत आणताना 'आज काळाच्या अंतराने पाहता असे जाणवते की' एवढी फोडणी वरून द्यावी, म्हणजे ती ताजी लागते. हा चित्रपट त्या वेळी सर्वांनी डोक्यावर घेतला आणि आपणच प्रथम त्याला खाली उतरवत आहोत, असा समज पसरू देणे आपल्या धंद्याला आवश्यक आहे, आणि केलबाईंचे नाव घेतले तर तो समज टिकत नाही. म्हणून वाक्य घ्यावे, बाईंना घेऊ नये. खरे तर चेष्टा त्याहूनही जुनी आहे. चित्रीकरण संपण्याआधीच जाणत्या मंडळींनी या उद्योगाला 'केव्हिन्स गेट' म्हणायला सुरुवात केली होती, कारण 1980 सालच्या 'हेवन्स गेट' या वेस्टर्नने निर्मात्यांना धुळीस मिळवले होते आणि याचेही तेच होणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. चित्रपटाने जगभरात 40 कोटी डॉलरहून अधिक कमावले. या आकड्यावर नाक मुरडावे, कारण लोकांना आवडणे हा तर आपल्या आरोपपत्रातला एक मुद्दाच आहे.

मग येतो शिक्का. 'गोरा तारणहार', म्हणजे आदिवासींना वाचवायला धावून येणारा गोरा नायक, असे दोन शब्द असलेला रबरी शिक्का प्रत्येक पुनर्मूल्यांकनकाराच्या टेबलावर असतो, तो या चित्रपटावर दाबून उमटवावा आणि शाई वाळेपर्यंत कोणाला जवळ येऊ देऊ नये. जवळ येणारा माणूस विचारील, की तारण नेमके कोणाचे होते? कॉस्टनरने रंगवलेला लेफ्टनंट डनबार लकोटा या अमेरिकी आदिवासींना पॉनी या त्यांच्या वैरी जमातीच्या हल्ल्यात बंदुका आणून देतो हे खरे, पण पुढे सैन्याच्या तावडीतून त्याची सुटका लकोटाच करतात, शेवटी आपल्यामुळे सैन्य यांच्या मागावर येईल म्हणून तो टोळी सोडून निघून जातो, आणि पडद्यावर उमटणारा मजकूर सांगतो की 13 वर्षांनी त्यांच्यातले शेवटचे लोक नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सन येथे शरण आले. म्हणजे तारणहार आहे, तारण नाही. अशा तपशिलाने शिक्का पुसट होतो. नायकाला प्रेम करण्यासाठी सगळ्या लकोटा टोळीतून नेमकी एक गोरी बाईच सापडते, लहानपणापासून तेथे वाढलेली, हा मात्र खरोखर बोचरा मुद्दा आहे, परंतु तो मांडायचा तर तिच्याबद्दल चार वाक्ये लिहावी लागतात, आणि शिक्क्यात चार वाक्ये मावत नाहीत.

एका मुद्द्यापाशी मात्र मी तुम्हाला जरा थांबवणार आहे, कारण तो मराठी माणसासाठी जणू राखून ठेवलेला आहे आणि आपल्यापैकी कोणीच त्याला हात लावत नाही. चित्रपटाचा मोठा भाग लकोटा भाषेत आहे. 1990 साली अमेरिकी प्रेक्षकाला पडद्याच्या तळाशी अक्षरे वाचायला लावून एवढा वेळ बसवणे हे धाडस होते, असे म्हणण्याचा मोह होईल, तो आवरावा. डोरिस लीडर चार्ज या लकोटा भाषेच्या शिक्षिकेने संवादांचे भाषांतर केले, नटांना ते पाठ करवून घेतले, स्वतः चित्रपटात भूमिकाही केली, आणि ऑस्करच्या रात्री पटकथाकार मायकेल ब्लेक यांच्या भाषणाचे लकोटात भाषांतर करत त्या मंचावर उभ्या राहिल्या. शिकणाऱ्यांत लकोटा भाषा घरात बोलणारे थोडेच होते. ग्रॅहम ग्रीन कॅनडातल्या ओनायडा समाजाचे, टँटू कार्डिनल क्री-मेटी, रॉडनी ग्रँट ओमाहा. आता गंमत अशी, की लकोटात पुरुषाचे आणि स्त्रीचे बोलणे काही ठिकाणी वेगळे होते, विशेषतः वाक्याच्या शेवटी येणाऱ्या छोट्या शब्दांत. शिकवणाऱ्या बाई होत्या. 1973 साली वूंडेड नी येथे सरकारी बंदुकांसमोर उभे राहिलेले लकोटा नेते रसेल मीन्स यांनी पुढे सांगितले, की आपल्या माणसांबरोबर हा चित्रपट पाहायला गेलो तर पडद्यावरचे काही योद्धे आणि खुद्द कॉस्टनर बायकांसारखे बोलत होते, आणि आम्ही हसत होतो. त्यांनी चित्रपटाला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या चालीवर 'लॉरेन्स ऑफ द प्लेन्स' असेही नाव ठेवले.

या टीकेची मजा इंग्रजी भाषकाला समजावून सांगावी लागते, आपल्याला नाही. अंगाला रंग फासलेला, केसांत पीस खोवलेला, भाला पेललेला धिप्पाड गडी घोड्यावरून ओरडतो, 'मी उद्या शिकारीला जाते!' आणि समोरचा लेफ्टनंट गंभीर चेहऱ्याने उत्तर देतो, 'थांब, मी पण येते.' (कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी आलो' म्हणून आत येतात तेव्हा पुण्यात ज्या भुवया वर जातात, त्या येथे कोठवर गेल्या असत्या याचा विचार करावा.) म्हणजे या चित्रपटातला सर्वांत खोल दोष ओळखण्याची जन्मजात पात्रता आपल्या कानात आहे, आणि त्याच वेळी, ज्या बाईंमुळे हा दोष आला त्याच बाईंमुळे त्या भाषेला एवढा मोठा पडदा मिळाला, ही अडचणही आपल्याच पदरात येते. पुनर्मूल्यांकनात अडचण चालत नाही. तेव्हा हा मुद्दा गाळावा. 'गुडफेलाज'कडे परतावे.

पॉनींचा मुद्दाही असाच गाळण्याजोगा आहे. चित्रपटात लकोटा समंजस, विनोदी, कुटुंबवत्सल आहेत, आणि सगळे क्रौर्य पॉनींच्या वाट्याला दिलेले आहे. त्यांच्या म्होरक्याचे काम वेस स्ट्यूडी या चेरोकी नटाने केले असून श्रेयनामावलीत त्या पात्राला नावही नाही, नुसते 'सर्वांत कडवा पॉनी' असे म्हटले आहे. इतिहासात मात्र त्या दशकांत संख्येने आणि बळाने वरचढ असलेल्या लकोटांनी पॉनींना जेरीस आणले होते. ऑगस्ट 1873 मध्ये नेब्रास्कात शिकारीला निघालेल्या पॉनींच्या तांड्यावर लकोटांनी हल्ला केला आणि त्यात बायकामुलेही मारली गेली. त्या जागेला आजही मॅसेकर कॅनियन, म्हणजे कत्तलीची घळ, म्हणतात. पॉनी अमेरिकी सैन्याचे वाटाडे का झाले, याचे उत्तर या वैरात आहे. त्यातून मूळ कादंबरीत ही टोळी लकोटांची नव्हतीच, कोमांचींची होती. चित्रीकरणासाठी टेक्सासकडची गोष्ट उचलून साऊथ डकोटात नेली आणि वडाची साल पिंपळाला लावली, तरी लकोटा म्होरक्याचे टेन बेअर्स हे नाव तसेच राहिले, आणि टेन बेअर्स नावाचा खराखुरा पुढारी कोमांची होता. एका वाईट जमातीच्या जागी दुसरी वाईट जमात बसवून चांगुलपणाचा हिशेब जुळवण्याची ही जुनीच वेस्टर्न पद्धत आहे, असे कोणी लिहिले तर तो खरोखरच चित्रपटाचा पुनर्विचार होईल. म्हणूनच त्यापासून दूर राहावे. त्यासाठी वाचावे लागते, आणि वाचले की राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस सापडत नाही.

रागाला चेहराच हवा असेल तर ब्लॅक हिल्सचे प्रकरण आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली मान्य केले की या डोंगररांगा लकोटांकडून अन्यायाने घेतल्या गेल्या, भरपाई देऊ केली, आणि लकोटांनी आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी, असे सांगून ती नाकारली. त्याच डोंगरांत, डेडवुड गावाजवळ, कॉस्टनरने 1990 नंतरच्या दशकात आलिशान विश्रामस्थळाचा बेत आखला, त्याला आपल्या नायकाचेच 'डनबार' हे नाव ठेवले, आणि अनेक लकोटांनी त्याला विरोध केला. हा मुद्दा वापरायला माझी हरकत नाही. फक्त ते चित्रपटाचे नव्हे, मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन आहे, एवढे मनात ठेवावे.

आता थोडी व्यावहारिक दूरदृष्टी. प्रतिष्ठा ही रहाटासारखी फिरते, आणि आपला पोहरा कोणत्या वेळी वर येणार याचा अंदाज बांधून ठेवणे शहाणपणाचे असते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या 1998 च्या सर्वोत्कृष्ट शंभर चित्रपटांच्या यादीत 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज' 75 वा होता आणि 'गुडफेलाज' 94 वा. 2007 च्या यादीत पहिला गायब झाला आणि दुसरा 92 वर सरकला. त्याच 2007 सालात लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'चे नाव लिहिले. आणि त्याच वर्षी स्कॉर्सेसींना अखेर दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. एकाच वर्षात चित्रपट बाद झाला, अजरामरही झाला, आणि ज्याच्यासाठी आपण इतकी वर्षे सुतक पाळले त्याचे सुतक फिटले. अशा वर्षी कोणती भूमिका घ्यावी हे नवशिक्याला कळत नाही. ज्याच्या नावाने 'केव्हिन्स गेट' अशी थट्टा झाली होती त्या 'हेवन्स गेट'चेही पाहा. 2012 साली त्याची दुरुस्त आवृत्ती व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली, आणि ज्यांच्या वडिलांनी त्याला हसून झोडपले होते ती मुले आज त्याला श्रेष्ठ कलाकृती म्हणतात. म्हणून माझा सल्ला असा, की 'अवाजवी कौतुक झालेला' आणि 'अन्यायाने विस्मृतीत गेलेला' असे दोन्ही लेख एकाच बैठकीत लिहून एकाच खणात ठेवावेत. मजकूर बहुतेक तोच राहतो, शीर्षक तेवढे बदलते.

एवढे करूनही एखाद्या रविवारी दुपारी, जेवणानंतर, घरातल्या कोणीतरी हा चित्रपट लावलेला असतो आणि तुम्ही पाणी प्यायला बाहेर येता, असे घडू शकते. त्या वेळी पडद्यावर नेमके ते दृश्य असण्याची शक्यता आहे, ज्यात डनबारला पाहुण्या लकोटांकडून बायसनचा कळप कुठे आहे हे विचारायचे असते. (बफेलो म्हणजे आपली म्हैस नव्हे, हे घरच्यांना सांगावे, तेवढे पांडित्य येथे शोभते.) त्याला त्यांची भाषा येत नाही, त्यांना त्याची येत नाही. मग सैन्याचा तो अधिकारी डोक्यावर बोटांची शिंगे धरून जमिनीवर रांगू लागतो. दोघे लकोटा त्याच्याकडे पाहत राहतात. एक म्हणतो, याचे डोके फिरले आहे. दुसरा काही बोलत नाही, तो विचार करत असतो, आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. 'तातांका,' तो म्हणतो. रांगणारा माणूस म्हणतो, 'बफेलो.' आणि दोघेही एकमेकांचा तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहतात, जिभेवर घोळवून, लहान मुलांसारखे.

तुम्हाला हसू येईल. ते येऊ द्यावे, मात्र त्या क्षणी घरातले कोणी आपल्याकडे पाहत नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.