पोरांना विचारा, मग जेवा

थीम पार्कची तिकिटं निघाली, हॉटेल ठरलं, रजा मंजूर झाली. म्हणजे सोपं ते सगळं झालं. आता चार दिवस जेवायचं कुठे ते ठरवायचंय, आणि तुम्ही जागरूक पालक असल्यामुळे ते मुलांना विश्वासात घेऊन ठरवायचंय. आपल्या आईबापांना ही अक्कल नव्हती. ते आत डोकावायचे, रिकामं टेबल दिसतंय का बघायचे आणि म्हणायचे, ‘चला, इथेच बसू.’ आपण बसायचो. त्यात आपल्या व्यक्तिमत्त्वाचं केवढं नुकसान झालं हे आपल्याला फार उशिरा, पालकत्वावरचे व्हिडिओ बघायला लागल्यावर कळलं. ती चूक आता होणे नाही.

तेव्हा सहलीच्या दोन महिने आधी घरात बैठक बोलवा. दोन महिने ही अतिशयोक्ती नव्हे. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलाचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, आणि जिथे राजकन्या येऊन भेटतात तिथली टेबलं बघता बघता संपतात. करोनाच्या आधी तर ही मुदत 180 दिवसांची होती. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला तुम्ही विचारायचं, ‘बाळा, साठ दिवसांनी जो गुरुवार येतो, त्या संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तुला काय खावंसं वाटेल?’ तिला या क्षणी हातातलं केळं नको झालंय. सोलून दिलं म्हणून नको झालंय. मघाशी सोललं नाही म्हणून रडत होती. पण मत ते मत. वहीत लिहून घ्या. आणि बुकिंग करून गेला नाहीत तर दंड माणशी बसतो, हेही त्याच पानावर लिहा. त्या हिशोबात मत बदललेली मुलगीसुद्धा माणूस धरतात.

बैठकीत नुसती नावं वाचून दाखवू नका, फोटो दाखवा. म्हणजे तुमच्या लक्षात येईल की मूल रेस्टॉरंट निवडतं तेव्हा जेवण निवडतच नाही. ते खुर्ची निवडतं. तिथल्याच हॉलीवूड स्टुडिओज या पार्कात एक जागा आहे, तिथे टेबलांऐवजी जुन्या मोटारगाड्या मांडल्यात आणि समोरच्या पडद्यावर कृष्णधवल परग्रहवासी नाचत असतात. एपकॉट या दुसऱ्या पार्कात 2021 साली एक जागा सुरू झाली, तिथे ‘लिफ्ट’मधून तुम्हाला 220 मैल वर अंतराळात नेल्याचा भास करून मग मेन्यू हातात देतात. त्याच पार्कात आणखी एक आहे, तिथे भिंतभर मत्स्यालय आहे आणि ताटातही मासा मिळतो. (हा योगायोग मुलाच्या लक्षात तुम्ही आणून देऊ नका. ते स्वतः आणेल, पहिला घास तोंडात असताना, मोठ्याने.) या तिन्ही ठिकाणी काय शिजतं असं पोरांना विचारून बघा. मोटार, अंतराळ आणि मासे, असं उत्तर येईल.

काय शिजतं हे विचारायची तशी गरजही नाही, कारण मुलांसाठी सगळीकडे तेच शिजतं. तुम्ही अंतराळात जा, समुद्रतळाशी जा, चाच्यांच्या गलबतावर जा. बालमेन्यूच्या कागदावर तळलेले चिकनचे तुकडे, चीजमधला पास्ता, पिझ्झा आणि बटाट्याचे फ्राइज ही चौकडी हजर असते. मधूनच एखाद्या जागी ब्रोकोलीचे दोन तुरे ठेवतात, ते पालकांच्या मनःशांतीसाठी. कागदाच्या मागे चक्रव्यूह छापलेला असतो आणि सोबत तीन मेणाचे खडू. आता तुम्ही म्हणाल, सगळीकडे एकच खायचं असेल तर दोन महिने आधी बैठका कशाला? हा प्रश्न ज्याला पडला त्याने मुलांना निर्णयप्रक्रियेत सामील करून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

बैठकीत एकमत झालं नाही तर मतदान घ्या. मतदानासारखी निखळ गोष्ट नाही. आमच्याकडे तीन मतदार आहेत. थोरलीला आधी पिझ्झा हवा होता, तो नसेल तर कार्टूनची पात्रं टेबलापाशी येतात तो बुफे, आणि मत्स्यालय सगळ्यात शेवटी. मधल्याला आधी पात्रं, मग मासे, मग पिझ्झा. धाकटीला आधी मासे, मग पिझ्झा, मग पात्रं. मी उत्साहाने दोन-दोनच्या जोड्या लावून मतं मोजली. पिझ्झ्याने पात्रांना दोन विरुद्ध एकने हरवलं. पात्रांनी माशांना दोन विरुद्ध एकने हरवलं. वा, पिझ्झा जिंकला म्हणायचा, तर माशांनी पिझ्झ्याला दोन विरुद्ध एकने हरवलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. हा घोळ कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1785 सालीच लिहून ठेवलाय. पुढे 1951 मध्ये केनेथ अॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी तर सिद्धच केलं की पर्याय तीन किंवा जास्त असले, तर पसंतीक्रमाची मतं मोजून निकाल लावायची अशी एकही पद्धत नाही जी रास्त वाटणाऱ्या मोजक्या अटी एकाच वेळी पाळेल. त्यातली एक अट अशी की घरात हुकूमशहा नसावा. ती सोडली तर बाकीच्या पाळता येतात. आमच्याकडे ती अट कोणी सोडली असेल ते सांगत बसत नाही. तिघांपैकी फरशीवर आडवं पडून पाय झाडणं फक्त एकीलाच जमतं.

आता थोरलीविषयी थोडं. मुलं मोठी कधी होतात या प्रश्नावर कायदेपंडितांत मतभेद असतील, थीम पार्कवाल्यांत नाहीत. डिस्ने वर्ल्डमध्ये दहा वर्षं पूर्ण होईपर्यंतच थांबतात. तीन ते नऊ वर्षं म्हणजे मूल, तीनच्या आत फुकट, आणि दहा पूर्ण झाली की माणूस प्रौढ. तिकिटातही प्रौढ, ठरावीक दराच्या बुफेतही प्रौढ. मतदानाला अठरा वर्षं, बिलाला दहा. म्हणजे तुमची अकरा वर्षांची प्रौढ कन्या बुफेच्या रांगेत ताटली घेऊन उभी राहणार, पूर्ण माणसाचे पैसे भरून घेणार, आणि परत येणार ती एक बनपाव आणि दोन स्ट्रॉबेऱ्या घेऊन. तेव्हा चेहरा शांत ठेवा. ‘एवढ्या पैशांत इतकंच?’ हे वाक्य मनात म्हणा. मोठ्याने म्हणालात तर ती प्रौढाप्रमाणे उत्तर देईल.

आहारतज्ज्ञांचंही ऐका, म्हणजे गोंधळ पूर्ण होईल. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सुचवली आहे आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ तिचा दाखला देतात: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवावं, त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. नीट वाचा. ‘कुठे’ हा शब्द पालकांच्या बाजूला आहे. म्हणजे ज्या गोष्टीचा निर्णय तुमच्याकडे होता, तीच तुम्ही बैठक बोलावून मुलांच्या हाती दिलीत, आणि ज्या गोष्टीचा त्यांच्याकडे होता, त्यासाठी आता चमचा घेऊन मागे लागणार आहात. शाबास. शिवाय साधारण दोन ते सहा या वयात मुलांना नवा पदार्थ दिसला की ती त्याच्याकडे संशयाने बघतात. पुढ्यात आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा आला की मग चाखून बघायला तयार होतात. तुमची सहल चार दिवसांची आहे. रोज चार वेळा तेच सूप मागवत राहिलात तर निघायच्या दिवशी विमानतळावर पोरगी एक चमचा घेईलही.

जेवायच्या वेळाही मुलांनाच ठरवू द्या. तुम्हाला वाटेल, हे व्यावसायिकांचं काम. व्यावसायिकांचं ऐका. पॅरिसजवळचं डिस्नेलँड 1992 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, तेव्हा जाणकारांनी सांगितलं होतं की युरोपातली माणसं सकाळी फारसं खात नाहीत. त्या हिशोबाने न्याहारीची दालनं लहान बांधली. उघडल्यावर सगळी माणसं सकाळी भूक घेऊन खाली उतरली आणि रांगा लागल्या. पार्कात वाइन ठेवायची नाही असंही ठरलं होतं, फ्रान्समध्ये! ते पुढच्या वर्षी बदलावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला माणसाच्या भुकेचा अंदाज आला नाही, तर तुमच्या मधल्याला तरी का यावा? अकरा वाजता जेवून घेतलं तर रांग नसते, हे खरंय. मधल्याला अकराला भूक नसते, हेही खरंय. त्याला भूक साडेबाराला लागते, एकदम, कड्यावरून कोसळल्यासारखी, आणि तेव्हा तुमच्यापुढे ऐंशी माणसं असतात. मोबाइलवरून आधी ऑर्डर देता येते म्हणा, पण त्यासाठी काय हवंय ते त्याने आधी सांगावं लागतं. (गरगर फिरणाऱ्या कपबशीत जेवण झाल्यावर बसायचं की आधी, हेही त्यालाच ठरवू द्या. एकदाच. दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.)

जपानला जाणार असाल तर वरचं सगळं विसरा. टोकियो डिस्नेलँडमध्ये पॉपकॉर्नच्या गाड्या जागोजागी असतात आणि गाडीगणिक चव वेगळी. कॅरॅमल इथे, तर करी पार तिकडे. गळ्यात अडकवायचा डबा मिळतो, तो पुन्हा भरून घेता येतो. तिथे गेलेलं मूल रेस्टॉरंटचं नाव काढत नाही. ते नकाशा हातात घेऊन सैन्य हलवावं तसं तुम्हाला या गाडीकडून त्या गाडीकडे हलवतं. चार दिवस मक्यावर काढायची तयारी ठेवा.

इतकं करून, समजा, जागा ठरली. आमची ठरली होती: पात्रं टेबलापाशी येतात ती. कुठल्या पार्कात ते सोडून द्या, चूक त्यांची नव्हती. धाकटीचं मत मतदानानंतर बदललं होतं, दोन महिने तिने त्या पात्राचं चित्र उशाशी ठेवलं होतं. चाळीस मिनिटं थांबल्यावर टेबल मिळालं, वाजतगाजत ते पात्र आलं, आणि सहा फुटी, हातभर कानांचं, डोळे न मिटणारं ते प्रकरण प्रत्यक्ष बघताच धाकटी टेबलाखाली गेली. बोललो, समजावलं, आमिष दाखवलं. मुखवट्यातल्या माणसाला बोलायची परवानगी नसते. तो बिचारा गुडघ्यावर बसला, टेबलक्लॉथचं टोक उचललं आणि हात हलवला. आतून एक किंकाळी आली. त्याने टोक हलकेच पुन्हा सोडलं आणि शेजारच्या टेबलाकडे गेला. मग अर्धा तास मी एकेक फ्राय खाली धरत होतो. पडद्याच्या फटीतून छोटीशी मूठ यायची, फ्राय ओढून न्यायची. मध्ये एकदा मूठ रिकामीच आली आणि थांबली. केचप हवं होतं. बायको म्हणाली, ‘माणशी दर आहे, खाली बसलेल्यांना सूट विचारू का?’

तरीही हिंमत हरू नका. मुलांचं मत घेण्याची एक सभ्य पद्धत आहे आणि ती प्रत्येक अनुभवी पालकाला ठाऊक असते: दोन पर्याय द्यायचे आणि दोन्ही आपले. ‘राणी, पायऱ्यांपाशी बसून सँडविच खायचं की झाडाखाली बसून सँडविच खायचं?’ मूल विचार करतं, कपाळाला आठ्या घालतं, झाड निवडतं. मुलाला निर्णयाचं समाधान मिळतं, तुम्हाला सँडविच. फार वेळा वापरू नका मात्र. आम्ही त्या सहलीत ती दिवसातून पाच-सहा वेळा वापरली.

घरी परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी पुढच्या वर्षाचं काय करायचं म्हणून कागद-पेन घेऊन बसलो होतो. बरोबर चार वर्षांच्या उंचीवरून आवाज आला.

‘बाबा, पुढच्या वेळी तू सांगायचं हं.’

मला भरून आलं. म्हटलं, काय सांगायचं, बेटा?

‘कुठे जेवायचं ते. तुला दोन चॉइस.’ तिने दोन बोटं वर केली आणि एक-एक करून दुमडली. ‘माशांच्या इथे टेबलाच्या वर बसून, नाहीतर माशांच्या इथे टेबलाच्या खाली बसून. पटकन सांग, मला खेळायला जायचंय.’

मी विचार केला, कपाळाला आठ्या घातल्या. खालीच बरं पडेल, म्हणालो.