सेवेचा हेतू कुणाला विचारायचा?

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा निघाली की मिशनऱ्यांच्या सेवेचा विषय मागोमाग येतोच. ते दवाखाने म्हणजे निव्वळ आमिष होते, असे एक पक्ष म्हणतो. ती निखळ करुणा होती, असे दुसरा म्हणतो. होनोलुलूत राहून हा वाद वाचताना मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण इथल्या विधानभवनासमोर ज्यांचा पुतळा आहे ते फादर डेमियन यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत.

हवाईच्या राजवटीने १८६५ मध्ये कुष्ठरोग्यांना समाजापासून तोडणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी मोलोकाई बेटाच्या एका द्वीपकल्पावर, जिथे तीन बाजूंना समुद्र आणि चौथीकडे उभा कडा आहे, पहिले रुग्ण नेऊन सोडले. ही सक्ती १९६९ पर्यंत टिकली आणि तोवर सुमारे आठ हजार माणसांची तिथे रवानगी झाली. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू डेमियन १८७३ मध्ये तिथे गेले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, वस्तीपर्यंत पाणी आणले, मृतांसाठी शवपेट्या स्वतः तयार केल्या, रुग्णांच्या पंक्तीला बसून त्यांच्याच भांड्यातले अन्न खाल्ले आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने ते वारले.

त्यांचा हेतू काय होता? सर्वांना ख्रिस्ताकडे आणावे म्हणून मी कुष्ठरोग्यांमध्ये कुष्ठरोगी झालो आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी तिथे गेल्यावर लवकरच आपल्या भावाला लिहिले होते. म्हणजे आमिषाचा आरोप करणाऱ्यांना हवा तो पुरावा त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. तरीही जोनाथन नापेला हे त्यांचे स्नेही मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या वेगळ्या पंथाचे होते आणि मॉर्मनच राहिले. आजारी पत्नीला एकटे सोडायचे नाही म्हणून ते स्वतः निरोगी असताना त्या वस्तीत राहायला आले होते. शिवाय डेमियन येण्याच्या सात वर्षे आधी, १८६६ मध्येच, तिथल्या प्रोटेस्टंट रुग्णांनी स्वतःची मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन केली होती. करुणा त्या किनाऱ्यावर फक्त बाहेरून आली, असे म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे आहे.

डेमियन यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूतील चार्ल्स हाइड या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने, त्यांना रोग जडला तो त्यांच्याच दुर्वर्तनाने आणि निष्काळजीपणाने, असे पत्रात लिहिले. रोग म्हणजे पापाची खूण, ही समजूत ख्रिस्ती मनातही किती खोल रुजली होती, हे त्यातून दिसते. वास्तविक अशुद्ध ठरलेल्याने छावणीबाहेर एकटे राहावे, हा बायबलच्या जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा नियम येशूने कृतीने मोडला: मार्कच्या शुभवर्तमानात तो कुष्ठरोग्याला आधी स्पर्श करतो आणि मग शुद्ध हो म्हणतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शुद्ध झाल्यावर जवळ घेणे कुणालाही जमते.

भारतातील चर्चलाही हा क्रम पूर्णपणे पेललेला नाही. कॅथलिक बिशपांच्या २०१६ मधील दलितविषयक धोरणात चर्चच्या आतही अस्पृश्यता असल्याची कबुली आहे. दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, असे आग्रहाने मागणाऱ्या चर्चने ही कबुली आधी आपल्या दफनभूमीपर्यंत आणि बाकांपर्यंत पोहोचवली पाहिजे.

मिशनरी सेवेचा हेतू जरूर तपासावा. फसवणूक वा जबरदस्ती झाली असेल तर तिची चौकशीही व्हावी. मात्र गावी चाललेल्या वादात बोलणारे बहुतेक असे असतात की ज्यांना कधी कुणी वेशीबाहेर काढलेले नाही. अमरावती जिल्ह्यात कोठारा येथे लेप्रसी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे कुष्ठरोग रुग्णालय आहे, त्याच जिल्ह्यात शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आहे आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. अशा संस्थांमध्ये ज्यांनी उपचार घेतले, संसार थाटले, तिथेच म्हातारे झाले, त्या स्त्रीपुरुषांची साक्ष कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी नोंदवून घ्यावी, आणि तीही संस्थाचालकांच्या गैरहजेरीत.