मजुरांचा माज आणि १३४९ सालचा कायदा

"आजकाल कामाला माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर रेट ऐकून चक्कर येते. माजलेत सगळे." आपल्याकडे बागायतदारापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे असतं. पण इंग्लंडच्या जमीनदारांनी नुसती कुरकुर केली नाही, त्यांनी राजाकडून त्याचा थेट कायदाच करून घेतला, आणि तोसुद्धा प्लेगची मढी अजून पुरली जात असताना, जून १३४९ मध्ये!

थोडक्यात बॅकग्राउंड. ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोआची जहाजं प्लेग घेऊन सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली, पुढच्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि दीडेक वर्षात तिथली कमीत कमी एक तृतीयांश माणसं गेली, निम्मी गेली म्हणणारे इतिहासकारही आहेत. प्लेग म्हटलं की चोचीचे मुखवटे घातलेल्या डॉक्टरांचे फोटो फिरवायची आपल्याला हौस (ते मुखवटे १७व्या शतकातले हो, या प्लेगचा त्यांच्याशी काही संबंध नाही), पण मला खरा इंटरेस्ट आहे तो नंतर काय झालं त्यात. जमीन तेवढीच, पीक उभं, आणि कापायला हात नाहीत. जे जगले वाचले त्यांना एकदम कळलं की आता आपल्याला भाव आहे. त्यांनी मजुरी वाढवून मागितली. बस, एवढाच गुन्हा.

तिसऱ्या एडवर्डचा हुकूम काय तर साठीच्या आतल्या प्रत्येक धडधाकट माणसाने, ज्याच्याकडे स्वतःची पुरेशी जमीन किंवा धंदा नाही त्याने, बोलावलं की कामाला जायचं, आणि मजुरी प्लेगच्या आधीची. मुदतीआधी काम सोडलं तर तुरुंग. धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायची नाही, म्हणजे उपाशी राहिला की झक मारत कामावर येईल. १३५१ मध्ये पार्लमेंटने हेच आणखी आवळलं. गवत कापायला दिवसाला ५ पेन्स, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पीक कापणाऱ्याला २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यापासून ३, वर जेवण वगैरे काही नाही. आणि मजुरांनी आपापली अवजारं हातात घेऊन बाजाराच्या गावात चारचौघात उभं राहायचं, तिथूनच त्यांना कामावर घ्यायचं, गुपचूप सौदा नको. मजूर नाका कायद्याने बसवला म्हणा ना.

आता गंमत बघा. कायद्यात जास्त देणाऱ्या मालकालाही दंड होता, पण प्रत्यक्षात कोर्टात उभे राहिले ते बहुतेक मजूरच, एसेक्ससारख्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हजारोंनी. आणि पार्लमेंटमध्ये बसून मजुरीला मर्यादा घालणारे जमीनदार घरी गेले की कापणीच्या दिवसांत शेजारच्या जमीनदाराची माणसं जास्त पैसे देऊन फोडायचे, कारण पीक सडलं तर कायदा चाटायचा का? रोख मजुरी वाढवता येत नसेल तर धान्य द्या, जेवण द्या, कपडे द्या. कायदा मोडला तो मालकांनीच आधी, शिव्या मात्र मजुरांना.

शिव्याही कशा! जॉन गॉवर नावाचा त्या काळचा कवी, स्वतः जमीनजुमलावाला, त्याचं दुःख काय तर पूर्वी मजूर गव्हाची भाकरी खात नसत, पाणी पिऊन राहत, चीज-दूध मिळालं तरी सण वाटायचा. तेव्हा म्हणे जग नीट चाललं होतं! १३६३ मध्ये तर गाडीवान, नांगरे, मेंढपाळ यांनी कुठलं जाडंभरडं कापड घालायचं हेही कायद्याने ठरवलं. दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला.

मध्ययुग म्हणजे राजे, किल्ले, तलवारी असं ज्यांना वाटतं त्यांनी लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सच्या मठाची गोष्ट वाचावी. मठ म्हणजे त्या भागाचा जमीनदारच. नियम असा की दळण मठाच्याच गिरणीत टाकायचं आणि त्याचा मोबदला मोजायचा. लोकांनी घरोघरी हाताने दळायची जाती ठेवली होती. रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड नावाच्या मठाधिपतीने, जो गणिती होता, खगोलीय घड्याळ बनवणारा होता, आणि मुद्दाम सांगतो, लोहाराचा मुलगा होता, त्याने १३३० च्या दशकात ती जाती जप्त केली आणि मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली. रोज त्यावरून चालायचं! पन्नास वर्षांनी, जून १३८१ मध्ये, गावकरी मठात घुसले, फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये रविवारी पवित्र पाव वाटतात तसे आपसात वाटून घरी नेले. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या टॉमस वॉल्सिंगहॅम या साधूने, ज्याला या लोकांची भयंकर चीड होती. म्हणून मला ते जास्तच खरं वाटतं.

ज्या बंडात हे घडलं ते १३८१ चं शेतकरी-मजुरांचं बंड पेटलं डोईपट्टीवरून. चार वर्षांत तिसरी पट्टी, माणशी १२ पेन्स, म्हणजे साध्या मजुराची तीन-चार दिवसांची कमाई, बायकोचे वेगळे. पण लोकांनी जाळलं काय ते बघा. गावोगावी जमीनदारांच्या कोर्टाची दप्तरं. कारण कोण वेठीचं कूळ (म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेलं, त्याच्यासाठी राबणारं), कोणी मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे भरायचे, कोणाचा बाप मेल्यावर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं, हे सगळं त्या चामड्यावर लिहिलेलं. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं त्यांना कागदाची ताकद बरोबर माहीत होती.

बंडखोर सगळे संत होते असं मी म्हणत नाहीये. लंडनमध्ये त्याच लोकांनी फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडून आलेल्या) कारागिरांना रस्त्यावर ओढून कापलं. बाहेरून आलेला आपली रोजी खातो, हा रागही तेवढाच जुना. बंडाचा म्होरक्या वॉट टायलर लंडनच्या स्मिथफील्डला राजासमोर मारला गेला, बंडखोरांचा धर्मोपदेशक जॉन बॉलला सेंट ऑल्बन्सलाच फाशी दिलं, १४ वर्षांच्या राजाने, दुसऱ्या रिचर्डने, दिलेली स्वातंत्र्याची वचनं महिनाभरात रद्द.

तरी वेठ टिकली नाही. राजाने किंवा पार्लमेंटने ती कधी रद्द केली म्हणून नव्हे, तर कुळं रात्रीतून उठून पलीकडच्या गावात जात राहिली आणि तिथला मालक कुठून आलास हे विचारत नव्हता, त्यालाही माणूस हवाच होता. पुढच्या शंभरेक वर्षांत मालकांना कळून चुकलं की वेठीपेक्षा खंडाने जमीन दिलेली परवडते. उरलीसुरली बांधील कुळं होती राजघराण्याच्या जमिनींवर, त्यांना पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७४ मध्ये मोकळं करायला घेतलं. तेही फुकट नाही, त्यांच्याकडून पैसे घेऊन.