रायचूरचे भांडण केवळ धर्माचे नव्हते

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दोआबातील रायचूर शहराविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. बहमनी सुलतानांच्या येण्याने रायचूर सीमेवर आले, त्यानंतरची विजयनगराशी चाललेली दोनशे वर्षांची झुंज हे निव्वळ धर्मयुद्ध होते आणि 1520 साली कृष्णदेवरायाने शहर कायमचे सोडवले, असे त्यात ठासून सांगितलेले असते. विजयनगराविषयी मनापासून आदर असणारी माणसेच हे पुढे पाठवतात, म्हणून त्याचे अधिक वाईट वाटते.

पहिले विधान खोडायला किल्ल्यातली एक शिळा पुरते. सुमारे 41 फूट लांबीच्या त्या अखंड दगडावर तेलुगू लेख असून, काकतीयांचा सरदार गोरे गंगय्या रेड्डी याच्यासाठी विठ्ठल नावाच्या माणसाने 1294 साली हा किल्ला बांधला, असे तो सांगतो. तीच अवजड शिळा गाड्यावर घालून रेडे ओढून आणत आहेत, असे चित्रही तिथे कोरलेले आहे. विजयनगर 1336 साली आणि बहमनी राज्य 1347 साली उभे राहिले, म्हणजे रेड्यांनी तो दगड ओढला तेव्हा दोघांपैकी एकही राज्य जन्माला आलेले नव्हते. या पट्ट्यासाठी झगडत होते ते वरंगळचे काकतीय आणि देवगिरीचे यादव.

धर्मयुद्धाच्या दाव्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. दोन्ही दरबारांत धर्माची भाषा बोलली जात होती आणि युद्धांत देवळेही पाडली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. पण विजयनगराच्या दुसऱ्या देवरायाने मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवले होते आणि खुद्द कृष्णदेवरायाने ‘यवनराज्यस्थापनाचार्य’, म्हणजे मुसलमानांचे राज्य पुन्हा उभे करून देणारा, हे बिरुद मिरवले. 1520 च्या मोहिमेचे निमित्त काय होते? पोर्तुगीज बखरकार नुनिज लिहितो की, गोव्यात घोडे खरेदी करण्यासाठी रायाने एका मुसलमान व्यापाऱ्याच्या हाती 40,000 पार्दाव (त्या काळची सोन्याची नाणी) सोपवले. तो फोंड्याहून ती रक्कम घेऊन विजापूरच्या आदिलशहाकडे पळाला आणि आदिलशहाने त्याला परत पाठवले नाही. ज्या राजाने एवढी रक्कम विश्वासाने सोपवली, त्याच्या मनात व्यापाऱ्याचा धर्म आड आला नव्हता. पुढे वेढ्यात क्रिस्तोव्हाँव द फिगेरेदो आणि त्याचे पोर्तुगीज बंदूकधारी रायाच्या बाजूने लढले. तटावरचे शिपाई त्यांनी बंदुकीने टिपले आणि किल्लेदारही गोळी लागूनच पडला. आणखी पुढे, 1558 च्या सुमारास, विजयनगराचा रामराय विजापूरच्या अली आदिलशहाला सोबत घेऊन अहमदनगरच्या निजामशहावर चालून गेला. या सगळ्यांना एकाच धर्मयुद्धात कसे बसवायचे?

‘कायमचे सोडवले’ हे तर साफ चूक आहे. कृष्णदेवरायाच्या मृत्यूनंतर इस्माईल आदिलशहाने रायचूर आणि दोआबातलाच मुदगलचा किल्ला परत घेतले. विजयनगराचा पराभव झालेल्या 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर दोआब विजापूरकडेच राहिला, 1686 साली विजापूर पडल्यावर तो मोगलांच्या आणि पुढे निजामाच्या अमलाखाली आला. 1956 साली राज्यांची भाषावार रचना होऊन रायचूर म्हैसूर राज्यात गेले, तोवर ते हैदराबादचेच होते.