पुरात उतरण्यापूर्वी करसल्लागारास भेटा

संकटकाळी स्वेच्छेने धावून जाण्याची खोड ज्यांना जडली आहे, अशा वाचकांसाठी हे अनुभवाचे बोल आहेत. गेल्या आठवड्यात मी विवरणपत्र भरण्यासाठी करसल्लागाराकडे गेलो आणि दोर, बूट, विजेरी व पेट्रोल यांच्या पावत्यांचे पुडके त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते एका बोटाने बाजूला सारून विचारले, "भाऊ, दान केलं का काही?"

म्हणून पहिला सल्ला असा की, अंगमेहनत करू नका, धनादेश फाडा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि पाणी घराघरांत शिरले, तेव्हा डागा लेआउटमधून तुम्ही एखाद्या आजींना पाठीवर घेऊन बाहेर आला असाल, तर ती तुमची हौस झाली. याउलट कोरड्या सोफ्यावरून पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला पाच हजार रुपये पाठवणारे गृहस्थ, जुनी करप्रणाली निवडली असल्यास, कलम ८०जी नुसार संपूर्ण रकमेची वजावट घेतात. तुम्ही पूरग्रस्तांना घोंगड्या वाटल्या तरी वजावट नाही, कारण हे कलम पैसाच ओळखते. मग रात्रभर चिखल उपसणाऱ्या हातांना ते कुठून ओळखणार? दोन हजारांपर्यंतची रोख रक्कम मात्र त्याला चालते. माणसाचा जीव वाचवण्याची पावती कुठल्या खिडकीवर मिळते, हे मी विचारले, तेव्हा सल्लागार हसला. मला हसू आले नाही.

पावत्या जपू नका. त्यांची शाई उडते.

रजेच्या अर्जात 'बचावकार्य' लिहू नका, 'लग्न' लिहा.

सवलत हवीच असेल, तर कॅनडात जन्म घ्या. तेथे वर्षाला किमान २०० तास सेवा देणाऱ्या स्वयंसेवी अग्निशामकाला २०११ पासून करात सवलत आहे आणि २०२४ मध्ये तिची आधारभूत रक्कम ३,००० वरून ६,००० डॉलर झाली. अमेरिकेतही अशा स्वयंसेवकाला सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे ५० डॉलरपर्यंतचा मोबदला करमुक्त मिळतो. आपल्याकडे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय याच नागपुरात आहे, साऱ्या देशाला आग विझवायला शिकवणारे. पण स्वयंसेवकाचे तास मोजायला शिकवणारे कोणी नाही.

१४ एप्रिलला १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात हुतात्मा झालेल्या अग्निशामकांना वंदन करून टाळ्या वाजवा. टाळ्यांवर अजून कर बसलेला नाही.

मला त्या डॉलरांचा मोह नाही. पण कायदे करणाऱ्यांनो, तास नोंदवणारी एक वही उघडायला तुमच्या तिजोरीचे काय जाते? आणि आमच्या गल्लीतल्या वजावटवाल्या गृहस्थांनो, त्या पहाटे तुमची गाडी आम्ही चौघांनी ओढून काढली, तेव्हा तुम्ही गच्चीवरून चित्रीकरण करत होता, याची लाज बाळगा. दोर अजून तुमच्या गॅरेजात आहे. तो माझा आहे, परत करा.