रूपकाची खाली आणि तीन कॉफ्या

जॅझ ऐकायला बोलावणं आलं, तर तिथे पाठ टेकायला काही आहे का, हे आधी विचारून घ्यावं. कोरेगाव पार्कातल्या त्या तळघरात नव्हतं. उंच, बिनपाठीची स्टुलं. सवाईला मांडी घालून रात्री जागवलेली ही पाठ. पण पाय लोंबकळत असले की तिचंही काही चालत नाही.

तिकीट भाच्याने काढलेलं, जागाही त्यानेच पकडलेली: अगदी पुढची. म्हणजे ड्रमरची मोठी झांज माझ्या कानापासून हातभर अंतरावर. सॅक्सोफोनवाला वेताची चपटी रीड थर्मामीटरसारखी तोंडात धरून बसला होता. ओली झाल्यावर त्याने ती वाद्याला लावली आणि फुंकर मारली. 1846 साली अडॉल्फ सॅक्सने पेटंट घेतलेलं हे वाद्य मोकळ्या मैदानातल्या लष्करी बँडांना फार मानवलं म्हणे. पटलं.

"मामा, सोलो संपला की मध्येच टाळ्या वाजवायच्या असतात," भाचा कानात ओरडला.

"मला जॅझ शिकवू नकोस. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला हाताशी धरून हेच सगळं हिंदी सिनेमात आणलं. 1951 चा 'अलबेला' बघ."

पहिला ब्लूज होता. बारा बार, म्हणजे खंड, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे सरळ 48 मात्रांचं आवर्तन. अवघड काही नाही. पण आपण टाळी द्यायची समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि ही मंडळी चुटक्या वाजवणार दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर! सगळं तळघर एका बाजूला डोलतंय आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. शेजारची मुलगी दोनदा माझ्या खांद्यावर आपटली. सॉरी मीच म्हणालो, समेवर.

मग त्यांची स्वतःची नवी रचना सुरू झाली. मोजतो तर सात मात्रा. रूपक ताल! ती ती ना, धी ना, धी ना. आता कुठे घरी आल्यासारखं वाटलं. रूपकात समेलाच खाली, म्हणजे टाळी नाही, म्हणून मी रीतसर हात बाहेर टाकला.

वेटर आला. "एक कॉफी," मी म्हणालो. बोलावल्यासारखं दिसल्यावर काही तरी मागवायला नको?

पुढच्या खालीला तो पुन्हा हजर. भाचा म्हणाला, "मामा, ते दोन-दोन-तीन मोजतायत. तुमची सम त्यांच्या समेवर पडतच नाहीये." त्यांची समजूत. माझं आवर्तन चोख चाललं होतं. फक्त समोर कॉफ्या साठत होत्या.

एवढ्यात कॉन्ट्राबासचा सोलो लागला. माणसापेक्षा उंच वाद्य, लोखंडी टोकावर जमिनीत रोवलेलं. बोटांचं मांस तारांवर घासल्याचासुद्धा आवाज येत होता. संध्याकाळभरातला सगळ्यात सुरेख तुकडा, आणि नेमका त्याच वेळी लोकांना पार्किंगचा विषय आठवला. मी वळून "शूऽऽ" केलं. अर्थात हात वर करून.

तिसरी कॉफी.

शेवटी बिल आलं तेव्हा भाच्याने वेटरला सगळं समजावलं: मामा तुम्हाला बोलवत नव्हते, ती रूपकाची खाली होती, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर असतात. त्याने अगदी मन लावून ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत काका," तो म्हणाला. "पुढच्या वेळी टाळीलाच येतो."